प्रेसचं तेल

मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचा पाइप बदलायला मी पंधरा वर्षं लावली. जुन्या मॉडेलचा पाइप मिळत नाही, असं घरात सांगत आलो. खरं तर तो काढल्यावर आत काय दिसणार, हे मला ठाऊक होतं.

वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कायम झालो तेव्हा ही गाडी घेतली होती. पुढं डिस्क ब्रेक असलेली गाडी तेव्हा आमच्या बजाजनगरच्या गल्लीत दुसरी नव्हती. दुष्काळ पडला तेव्हा ती धाकट्या भावाला दिली. तो लासूर स्टेशनच्या पलीकडं, गावी राहायचा. आमच्या वडिलांची, आबांची, मेंढरं होती आणि विहिरीनं तळ गाठला होता. गाडीला दोन्हीकडं कॅन बांधून भाऊ लांबून पाणी आणायचा.

देण्याआधी ब्रेकचं तेल कमी दिसलं. दुकानातून बाटली आणायची सोडून मी कारखान्यातल्या प्रेसचं हायड्रॉलिक तेल आणून ओतलं. "एवढा प्रेस ज्याच्यावर उठतो-बसतो, त्याला तुझी फटफटी थांबवणं काय जड," असं त्याला ऐटीत सांगितलंही. त्या तेलानं ब्रेकचं रबर फुगतं आणि न दाबताही ब्रेक आवळून बसतो, हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण तेव्हा मी कुणाला विचारणारा माणूस नव्हतो.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, भरलेल्या कॅनांसकट पुढचं चाक जाम झालं. भाऊ रस्त्यावर पडला. गुडघ्याची वाटी फुटली.

गाडी टेम्पोतून माझ्याकडं आली. चाक हलत नव्हतं. ब्रेकच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं, आणि वास प्रेसखात्याचा. मी झाकण लावलं, गाडी कोपऱ्यात ढकलली, वर ताडपत्री टाकली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भाऊ आबांना सांगत होता, "चाक आपोआप धरलं आबा. मी ब्रेकला हात बी लावला नाय."

आबा म्हणाले, "चाक काय कुत्रं हाय व्हय, आपोआप धरायला?"

आजूबाजूच्या खाटांवरचे लोक हसले. मीही हसलो.

पुढच्या सोमवारी तो टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागणार होता. शहराभोवती नव्या वसाहती उठत होत्या, नळाला आठ आठ दिवस पाणी नव्हतं, टँकरला माणसं मिळत नव्हती. तरी पाय बरा झाल्यावर मालक म्हणाला, दोन चाकं ज्याला सांभाळली नाहीत त्याला टँकर कसा देऊ? भाऊ एका इमारतीवर वॉचमन झाला. आबा गेले ते त्याला बेफिकीर समजूनच गेले. त्याची मुलगी आता कॉलेजात आहे, तीही त्याला स्कूटीची किल्ली देत नाही. कुठं जायचं तर त्याला मागं बसवून नेते.

गेल्या महिन्यात तो म्हणाला, "दादा, ती गाडी चालू कर की. एकदा चालवून बघतो. चूक माझी व्हती का, तेवढंच बघायचंय."

मोंढ्याकडच्या दुकानात दुसऱ्या एका गाडीचा पाइप जुळला. ब्रेकमधली सगळी रबरं नवी घेतली, टायर आणि बॅटरीही. जुना पाइप ब्लेडनं कापून पाहिला. आतून इतका सुजला होता की सुईही गेली नसती.

रविवारी त्याची मुलगी त्याला घेऊन आली. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं हँडलवरचा लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली स्क्रू सैल करून बुडबुडे काढायचे आणि पुन्हा आवळायचा. तोवर लिव्हर सोडायचा नाही.

"दाब. दाब. धर."

त्यानं धरला. मी स्क्रू सैल केला आणि वर न बघता म्हणालो, "त्या दिवशी चाक खरंच आपोआप धरलं होतं. मी ओतलेल्या तेलानं."

त्याचा हात सुटला. नळीतलं तेल सर्रकन मागं ओढलं गेलं.

"कवापासनं माहीत हाय?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हापासून."

"म्हंजे आबा व्हते तवा."

"हो."

त्यानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "तू हसला व्हतास."

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "हिला सांग. मी सांगितलं तर खरं वाटायचं नाय."

मी प्रेसच्या तेलापासून सगळं सांगितलं. कापलेला पाइपही दाखवला. तिनं तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "मग आजोबांना का नाही सांगितलं, काका?" मी तिच्या हातातला पाइप परत घेतला.

हवा पुन्हा पहिल्यापासून काढली. मी 'दाब', 'धर' म्हणत राहिलो, तो दाबत, धरत राहिला. लिव्हर कडक लागला तेव्हा त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"मी बसू का मागं?" मी विचारलं.

"नको. तू हितंच थांब."

मुलगी त्याच्या मागं बसली. कोपऱ्यावर त्यानं ब्रेक दाबला, गाडी थांबली, पुन्हा निघाली आणि लासूरच्या रस्त्याला वळली. मी तो कापलेला पाइप हातात घेऊन दारात उभा राहिलो.