तळ्यावरचा कालचा फोटो

मंडळी, सकाळीच लिहायला हवं होतं. धीर झाला नाही, माफ करा.

तुंगार्लीच्या तळ्यावर पोचलं की फोटो टाकायचा, हा आपल्या फिरायच्या ग्रुपचा नियम. डॉक्टरांनी साखरेसाठी मला रोज चालायला सांगितलंय. पण आज अंग इतकं जड झालं होतं, की अंथरुणातूनच कालचा फोटो टाकला आणि परत झोपलो.

तो पाहून ग्रुपमधले आपले सदूभाऊ तळ्यावर गेले. मी दिसेना, म्हणून धुक्यात हाका मारत काठावर उतरले आणि घसरले. पाय मोडला.

दुपारी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर पायाला प्लास्टर.

"आबा, कुटं व्हता तुमी? मलाबी आज लय कंटाळा आलता. म्हटलं, म्हातारा तळ्यावर गेला, आन् मी लोळतोय व्हय!"

"लवकर परतलो," मी म्हणालो. त्यांनी वर मलाच चहा पाजला. तो अर्धा तसाच ठेवून मी निघालो.

भाऊ, मी आलोच नव्हतो. तोंडावर सांगवलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर सांगतोय.

थकलेल्या दिवशी तुम्ही स्वतःला कसं उठवता, ते मंडळींनी सांगा. पण सदूभाऊ, आधी तुम्ही बोला. शिव्या द्या, पण लवकर कळवा.