रॅकमधलं रिकामं भोक

पायाच्या हाडाला लावलेल्या प्लेटभोवतीचं मांस काळं निघालं.  डॉक्टरांनी काढलेली प्लेट आणि सहा स्क्रू वाटीत टाकले. वाटी धुवायला माझ्याकडे आली.

मी जळगावच्या एका हाडांच्या दवाखान्यात आहे. शिक्षण चौथी. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, वाफेच्या मशीनला लावायची, हे माझं काम. तो पाय धुळ्याच्या अक्कांचा होता. हाड जुळलं, तरी वर्षभर त्यांचं एकच, "पाय आतून जळस व माय."

नळाखाली चोळताना दोन स्क्रू हाताला हलके लागले. माझे हात थांबले. स्टीलचा स्क्रू जड, टायटॅनियमचा हलका. अंगातलं पाणी खारट. त्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले तर एक गंजू लागतो, असं डॉक्टर नव्या सिस्टरांना शिकवायचे. मी फरशी पुसताना ऐकलेलं.

स्क्रूचे रॅक दोन, एक स्टीलचा, एक टायटॅनियमचा; त्यांना लांबीप्रमाणे भोकं असतात. उरलेले स्क्रू धुऊन मीच परत लावते. भोक रिकामं दिसलं की त्या लांबीचा कुठलाही स्क्रू बसवायचे. घरी मिसळणाचा डबा भरते तसं. जुने झाले की दोन्ही सारखेच मळकट दिसतात.

तोच स्टीलचा रॅक आत पुढच्या केससाठी उघडला होता.

मी दारात गेले. टेबलावर सावद्याचे नाना, केळीचे व्यापारी. फक्त हात बधिर केलेला, तोंड चालू. "उरका डॉक्टर, गाडीत केळी पिकतील."

"सर, तो रॅक नका वापरू." कोणी वळून पाहिलं नाही. पुन्हा म्हणाले.

"मावशी, बाहेर," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या.

"हात माहा हाये," नाना म्हणाले. "बोलू द्या तिला."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सिस्टरांना एकेक स्क्रू हातात तोलायला लावला. चार हलके निघाले.

"कोणी लावले?"

"मी."

"का?"

"भोक रिकामं बरं दिसत नव्हतं."

 डॉक्टरांनी दुसरा सेट मागवला.

नानांचा हात नीट जुळला. अक्कांची जळजळ थांबली. डॉक्टरांनी त्यांना खरं ते सांगितलं, "लावताना मीही पाहिलं नाही," असंही म्हणाले. मी शेजारी उभी होते. अक्कांनी लुगडं वर करून मला पायावरचा व्रण दाखवला.

नोकरी राहिली. आता स्टीलच्या रॅकला चार भोकं रिकामी आहेत. रोज दिसतात, हात शिवशिवतो. मी भरत नाही.