कावळा लवकर शिवला

लासुर्ण्यापासून इंदापूरपर्यंत जी माणसं मला ओळखतात, ती मला कावळेबाई म्हणतात. मागं म्हणतात, तोंडावरही म्हणतात, आणि आता मला त्याचं काही वाटत नाही. कुठं दहावा असला की मी घाटावर हजर, मयत ओळखीचं असो की नसो. अंथुर्ण्यात एकदा एक तात्या मला बघून म्हणाले, "बाई, तुमी आल्या म्हंजी कावळा काय लवकर येत न्हाय. आता आमी बसतो उन्हात तळत." मी म्हटलं, "तात्या, कावळा माझ्यामुळं अडत नाही. तुमच्या पोटात जे दडलंय त्याच्यामुळं अडतो." तात्या हसले. जरा वेळानं मात्र टोपी सारखी करून लांब जाऊन बसले.

माझा धंदा काय ते सांगून टाकते. मी आधी मानववंशशास्त्र शिकले, मग शहरात राहून मानसविश्लेषण शिकले, आणि दोन्ही गाठीला बांधून आपल्याच उसाच्या पट्ट्यात परत आले. असं करणारी या भागातली मी पहिली. हे मी लाजत सांगणार नाही, कारण पहिली असल्याचा त्रासही मीच काढलाय. माझे मार्गदर्शक म्हणायचे, दूर कुठंतरी डोंगरात जा, स्वतःच्या गावात कसलं संशोधन करणार? म्हणजे दुसऱ्याच्या आईची स्वप्नं शास्त्र आणि माझ्या आईची स्वप्नं घरगुती गप्पा. मी ऐकलं नाही. ऐकायची सवय मला लहानपणापासूनच नाही.

या विद्येत दुसऱ्याचं मन उघडायला बसायच्या आधी स्वतःचं उघडावं लागतं. त्यासाठी मीही काही वर्षं कोचावर आडवी पडून बोलत राहिले. डोक्याच्या मागं विश्लेषक बसलेले, ते गप्प. मला वाटलं, हेच गावात करायचं. लासुर्ण्याच्या आमच्या घरात मागच्या खोलीत खाट टाकली, शेजारच्या एका वहिनींना बोलावलं आणि म्हटलं, पडा निवांत, मनात येईल ते बोला. वहिनी पडल्या आणि डोळ्याला डोळा लागून घोरायला लागल्या. लग्न झाल्यापासून दिवसाढवळ्या पाठ टेकायला त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. दुसरी बाई आली ती जावेला घेऊनच. प्रश्न मी हिला विचारायचा आणि उत्तर तिनं द्यायचं. मी खाट परत ओट्यावर नेऊन टाकली.

त्या खाटेनंच मला माझा विचार दिला. आमच्याकडं माणूस एकटा नसतोच, त्यामुळं एकट्याच्या तोंडानं बोलत नाही. मनातलं बोलायला तो दुसऱ्याचं तोंड उसनं घेतो. म्हाताऱ्याला मटण खायचं असतं, तो म्हणतो नातू हट्ट धरून बसलाय. सुनेला माहेरी जायचं असतं, तर देवी तिच्या स्वप्नात येऊन सांगते. खोटं कुणीच बोलत नाही. नातवाला खरंच भूक लागते, देवी खरंच येते. याला मी नाव दिलं, उसनं तोंड. पुढं ते नाव बाहेरच्या देशातल्या लोकांनीही उचललं. तेव्हा मार्गदर्शकांचं मला फार आपुलकीचं पत्र आलं.

सगळ्यात मोठं उसनं तोंड मेलेल्या माणसाचं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात आणि माणसं मागं सरतात. कावळा शिवला तर गेलेला समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक जण पुढं होऊन, हात जोडून कबूल करत जातात, हे करू, ते करू. सगळ्यांना वाटतं आपण मयताची इच्छा ओळखतोय. मी ऐकत गेले तसं माझ्या लक्षात आलं की माणूस त्या वेळी स्वतःची इच्छा सांगतो. एका धाकट्या भावानं वडिलांच्या पिंडापुढं रडत कबूल केलं, दादाशी परत बोलीन. त्यांच्या वडिलांना दोघांच्या अबोल्याचं काही सोयरसुतक नव्हतं. भावावाचून हाच झुरत होता, पण ते दादाला कसं सांगणार? कावळ्याला सांगितलं. एका परिसंवादात मला कुणी विचारलं, कावळा म्हणजे नेणिवेचं प्रतीक ना? मी म्हटलं, नाही, कावळा म्हणजे कावळा, त्याला भूक लागलेली असते.

हे सगळं मी आईला सांगायचे. मी राहते बारामतीत. तिथून शनिवारी लासुर्ण्याला गेले की तिच्याबरोबर म्हशीपाशी बसून आठवड्याचे दहावे सांगायचे. ती शेण आवरता आवरता ऐकायची. चिडवायचीही. "लोकांच्या लेकी सनाला माहेरी येत्यात, माजी दहाव्याला जाती." पण ऐकायची मन लावून, हे मला नंतर कळलं.

मागच्या वर्षी ऊसतोड चालू असताना आबा गेले. माझे वडील. कुठलं दुखणं नाही, खुपणं नाही. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, ते ओट्यावर बसून बघत होते आणि बसल्या जागीच गेले. मला दुःख झालं, आणि ते मी कुठल्याही शास्त्रात न बसवता रडून घेतलं.

दादा माझा थोरला भाऊ. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. दादा वाईट नाही, हे आधीच सांगते. सावडून आलो त्याच दिवशी त्यानं पाहुण्यांसमोर जाहीर केलं की तेरावा झाला की आईला बारामतीला न्यायची, घराला कुलूप, रान वाट्यानं द्यायचं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. पोरगा गुणाचा. आई भिंतीला टेकून तिथंच बसली होती आणि तिला कुणी विचारलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

संध्याकाळी ती मला म्हशीपाशी म्हणाली, "मला न्हाय जायाचं."

मी म्हटलं, आबांची आठवण सोडवत नाही का? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू एवढं शिकून ही पोरगी बावळटच राहिली.

"आबा व्हते तवा ह्ये घर आबाचं व्हतं. कुनाला बोलवायचं, कुठं जायाचं, दार कवा लावायचं, समदं इचारून. आता कुठं घर माजं झालंय. मनाला आलं की उठती, रानात जाती. तुज्या दादाकडं काय? खाली उतरायचं तरी सुनंला सांगून."

माझ्या आईनं नवऱ्याच्या जाण्यात स्वतःची सुटका बघितली होती आणि ते ती मला स्वच्छ सांगत होती. मला तिचा अभिमान वाटला. मी म्हटलं, मी आत्ताच दादाशी बोलते.

"तू बोलू नगं," ती म्हणाली. "तू बोललीस की भन-भावाचं भांडन. लोक म्हनतील लेकीनं फूस लावली. मी दहाव्याला बोलंन."

मला क्षणभर कळेना. मग तिनं बेत सांगितला. कावळा अडणार. आबा जिवंतपणी कधी वेळेवर जेवले नाहीत, ते मेल्यावर काय वेळेवर येतात? कावळा अडला की ही पुढं होणार आणि हात जोडून म्हणणार, तुमचा जीव घरात अडकलाय ना, मग मी घर सोडून जात नाही. आणि त्यावर कावळा शिवला की मग दादाची काय टाप आहे? मेलेल्या बापाचा शब्द कोण मोडणार?

"आणि तू बोलल्यावर पण नाही आला तर?"

"येतंय की. भजी मी तळनार हाय."

मी हसले, आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसले. माझी सगळी विद्या तिनं पदराला गाठ मारून ठेवली होती. लोक नकळत उसनं तोंड घेतात, ही ठरवून घेणार होती. मला वाटलं, आई जिंकली.

दहाव्याला नीरेच्या घाटावर बरीच गर्दी होती. आमच्याकडं आता बायकाही घाटावर येतात. मंडप, माईक, श्रद्धांजलीची भाषणं सगळं होतं. पिंड दगडावर ठेवला, शेजारी भजी, पेढा, आबांची तंबाखूची पुडी. गुरुजी म्हणाले, "चला, मागं सरा." आई सगळ्यात पुढं होती, पदर खोचून. तिचे ओठ हलत होते, पाठ करत होती.

आणि माणसं धड मागं सरायच्या आत बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडात चोच घातली. त्याच्या मागून दुसरा. त्यानं तर भजंच उचललं.

शिवला, शिवला, अशी कुजबुज मंडपात पसरली. दादानं डोळे पुसले. एक म्हातारबा म्हणाले, "आबा समाधानी गेलं. कायसुदिक मागं ऱ्हायलं न्हाय." मी आईकडं बघितलं. तिचे हात जोडलेले तसेच होते. तोंड उघडलं होतं, ते तिनं हळूच मिटलं.

तिथंच मला माझी चूक दिसली, आणि चूक अशी की ती माझ्याच धंद्यातलं माणूस करील. इतके दहावे मी बघितले, पण बघितले ते कावळा अडलेले. कावळा लगेच शिवला की मी पिशवी उचलून निघायचे, आज काही मिळालं नाही म्हणून. ज्यांना बोलायचं होतं आणि कावळ्यानं बोलू दिलं नाही, त्यांच्याकडं मी कधी वळूनही बघितलं नव्हतं. हल्ली मी थांबते. कावळा शिवला की घरच्या बाईजवळ जाऊन बसते आणि तिला स्वतःला विचारते. पण त्या दिवशी मला नुसतं कळलं, सुचलं काहीच नाही.

दादानं माईक घेतला. आलेल्यांचे आभार मानले. मग म्हणाला, आईची कुणी काळजी करू नका, तेराव्यानंतर ती आमच्याकडं बारामतीला येणार आहे.

आई उठली. माईककडं गेली नाही, गुरुजींच्या पत्रावळीकडं गेली. त्यातला उरलेला भात मुठीत घेतला, दोन्ही हातांनी गोल वळला आणि आबांच्या पिंडापासून थोडा अलीकडं, स्वतःच्या पायापुढं ठेवला.

"काकू, विधी झाला आता," गुरुजी म्हणाले. "हा कुणाचा?"

"माजा."

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, जित्त्या मानसाचा पिंड ठेवत्यात व्हय?"

"मग काय करू?" आई तिच्याकडं न बघता म्हणाली. "मी मेल्यावर हितंच हुबं ऱ्हाऊन, हात जोडून इचारनार हायत, काय राहिलं म्हनून. तवा मला सांगता येनार न्हाय. अजून तोंड चालतंय तवर इचारा की."

"आई, लोक बघत्यात," दादा म्हणाला.

"बघू देत. तू इचार."

दादानं माझ्याकडं बघितलं. एरवी मला प्रत्येक गोष्टीवर बोलायचं असतं. त्या वेळी मी जमिनीकडं बघत उभी राहिले, कारण तिनंच मला बोलू नको म्हटलं होतं. दादाचे हात आपोआप जुळले. पिंडापुढं उभं राहिलं की आमच्याकडं हात जुळतातच. त्यानं विचारलं.

"आई, तुझं काय राहिलंय?"

"घरात ऱ्हायचं राहिलंय. माज्या घरात. लासुर्ण्याला."

मागं बसलेले गावातले एक तात्या तिच्या मदतीला धावले. "बरोबर हाय. आबाचा जीव त्या घरातच घुटमळत आसंल. वैनी आबासाठीच म्हनत्यात."

आता तिनं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. तात्यांनी तोंड उसनं दिलं होतं, फुकट, सगळ्या गावासमोर. मी मनात म्हटलं, आई, हो म्हण.

"आबाचं न्हाय," ती म्हणाली. "आबाचं झालं, कावळा शिवला. मी माजं सांगती."

कावळे भज्यांवरून भांडत होते. मग दादानं जोडलेले हात खाली घेतले आणि म्हणाला, "बरं. ऱ्हा तू हितं. मी शनवारी येत जाईन."

"येताना सांगून ये," आई म्हणाली.

तिनं पायापुढचा भात उचलला, नदीत टाकला आणि हात धुतले. मग वळून माझ्याकडं बघितलं. मी रडत होते, आणि ते तिला दिसलं.

"चल," ती म्हणाली, "लोकं जेवायची खोळंबलीत."