भरलेला पट्टा आणि किसनमामा

किसनमामा गेले असा फोन आला, आणि मी सिम्युलेशन बंद केलं नाही.

एक्केचाळीस टक्के झालं होतं. शंभर होईपर्यंत बघत बसले. मग डबाही खाल्ला.
का, ते विचारू नका.

मी हिंजवडीत कन्व्हेयर बेल्ट डिझाइन करते. म्हणजे खडी वाहून नेणारा लांबलचक पट्टा आधी सॉफ्टवेअरमध्ये पळवून बघायचा. मामा आमचे साइटवरचे फिटर, राहणार मुळशी. स्क्रीनवरचा पट्टा माझा, खरा त्यांचा.

माझं पहिलंच मोठं काम, त्यांच्याच गावाजवळचा एक क्रशर, दगड फोडून खडी करणारा. मीटिंगमध्ये मी ॲनिमेशन दाखवलं. चढावरचा पट्टा रिकामा सुरू होतो, भरतो, माल टाकून रिकामा थांबतो. सगळं हिरवं.

मागच्या खुर्चीवरून मामा म्हणाले, "मॅडम, ह्यो भरलेला थांबला तर?"

"भरलेला कशाला थांबेल मामा? आधी माल बंद करायचा, मग बेल्ट."

"आन लाईट गेली म्हंजी? तुमच्या कॉम्प्युटरात लाईट जात न्हाई व्हय?"

अख्खी मीटिंग हसली.
सगळ्यात जास्त मी.

क्रशर सुरू झाला आणि महिन्याभरात लाईट गेली. पट्टा चढावर खडीने गच्च भरलेला. लाईट आली तर मोटर नुसती गुरगुरली, पट्टा हलेना. मामा आणि आणखी पाच जण दिवसभर फावड्याने पट्टा उपसत होते.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, वीजपुरवठा अनपेक्षितपणे खंडित झाला.
मुळशीत. अनपेक्षितपणे.

तेव्हापासून प्रत्येक डिझाइनमध्ये मी आधी पट्टा पूर्ण भरते, लाईट घालवते आणि पुन्हा सुरू होतो का बघते. आता ऑफिसात सगळेच करतात. माझं कौतुक झालं. मी ते गुपचूप घेतलं.

मामांना काही सांगितलं नाही. आधी इगो होता. मग विषय निघाला नाही. मग ते रिटायर झाले.

आज त्यांच्या घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. शेळ्या ओरडत होत्या, आज त्यांना कुणी चरायला सोडलं नव्हतं.

मामींनी विचारलं, "तुमी त्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम का?"

"हो."

"लई नाव काढायचे तुमचं. पोरगी हुशार हाय म्हनायचे. पन माझं काय ऐकलं न्हाई तिनं, आसंबी म्हनायचे."

"ऐकलं मामी. त्यांनी सांगितलेलं रोज करते मी. सगळं ऑफिस करतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या.

"मंग त्यांना सांगायचं व्हतं की."

मी उठले. गाडीत येऊन बसले.
रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लाज मात्र वाटतेय, खूप.

मामा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं.
हसले सगळ्यांसमोर, म्हणून हे पण सगळ्यांसमोर लिहितेय.

मनापासून श्रद्धांजली, मामा.