बिडीपुरतं बसणं

आक्का, आम्ही टाकव्याहून निघालो तेव्हा तुम्ही वेशीपर्यंत आला होतात. वाटणीच्या खाचरात दोन भावांची घरं पोसत नव्हती, म्हणून धाकट्यानं जायचं ठरलं. माझ्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं. आपले सासरे यांना एवढंच म्हणाले, "लोनावळ्यात लय नाद असत्यात. तमाखूला शिवू नगंस." हे खाली बघून म्हणाले, "व्हय आबा."

तुम्हाला वाचता येत नाही, आणि हे मी कुणाला वाचून दाखवायला देणार नाही. म्हणूनच लिहिते.

हे घाटात एका ठेकेदाराकडे खडी फोडायला लागले. तिथली रीत अशी, की बिडी ओढणाऱ्याला ती संपेपर्यंत बसता येई. नुसतं बसलेल्याला मुकादम ओरडे, "काय रं पाटील, जिमीन इकत घ्याया बसलास व्हय?" सगळे धूर सोडत हसत, आणि हे परत उभे राहत. पावसाळाभर यांनी तसं काढलं. मग एका संध्याकाळी यांच्या सदऱ्याला वास आला. म्हणाले, "आबास्नी कळवू नगं. तेवढंच बसाया मिळतं." मी पाठीला तेल चोळलं.

मी तेव्हा एका शेटच्या बंगल्यावर भांडी घाशी. सिगारेटनं त्यांची छाती खराब झाली होती, म्हणून मुंबईच्या डॉक्टरनं त्यांना हवा पालटायला धाडलं होतं. दिवसभर व्हरांड्यात आरामखुर्चीत बसत, दूध पीत. परत गेले तेव्हा सिगारेट सुटली होती. शेटाणी म्हणाल्या, "इथल्या हवेत जादू आहे गं!" मी मान हलवली. त्याच हवेत आमचे हे खोकत होते.

पुढे दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बिडी सोडा, दूध घ्या, दोन महिने बसून राहा. बाहेर येऊन हे हसले. "बसाया सांगतुया. मुकादमाला सांग म्हनावं."

मागच्या शिमग्याला गावी आलो. आबा आता नाहीत. हे त्यांच्या जागी बांधावर बसले. बसल्याबरोबर हात खिशात गेला. तुम्ही म्हणालात, "भावजी, हितं कोन उटवतंय तुमाला?" यांनी काडी ओढली. पण बिडी विझली तसे हे उठून उभे राहिले. तुमचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

आता यांना हातोडा उचलत नाही. उद्यापासून यांच्या जागी आमचा मुलगा रामा जाणार. त्याला तमाखूचा वासही सोसत नाही. आज त्याच्या भाकरीच्या फडक्यात यांनी चार बिड्या ठेवल्या. मी काढल्या, हातात धरून बसले.

जिथं रिकाम्या हातानं बसता येतं ते घर, एवढंच आता मला कळतं. तसं घर रामाला द्यायला माझ्यापाशी नाही. मी बिड्या परत भाकरीशेजारी ठेवल्या आणि गाठ मारली.