ओल्या भिंतीवरचा हात

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्याच गाडीची वाट बघत होतो. तिनंच बोलावलं होतं, भिंत घासायला. शेजारणीला धड बोलता येत नव्हतं. सकाळी पाणी भरता भरता खाली बसली ती उठलीच नाही, एवढं कळलं. मग गाडी आली आणि मी नेहमीसारखा खिडकीपाशी जाऊन बसलो... दुसरं काय करायचं असतं, सुचलं नाही.

महिना उलटला, तरी मला एका जागी बसवत नाही. हा गुण खरं तर तिचा. माझी ही थोरली बहीण कधी निवांत टेकलेली मी पाहिली नाही. मेहुणे गेल्यावर नदीकडच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. पुराचं पाणी घरात शिरलं, ओसरलं आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीची मातकट रेघ ठेवून गेलं. पुण्याला असलेला तिचा मुलगा, संतोष, तेव्हापासून मागं लागला होता, घर विकू, माझ्याकडं चल. आक्कानं ठोकून दिलं, भिंती कोरड्या ठणठणीत आहेत म्हणून. झालं, तिथून तिची धावपळ सुरू झाली.

रंगाच्या थराला आमच्याकडं हात म्हणतात. जुना रंग खरवडायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंगाचे दोन हात. या सगळ्याच्या आधी भिंत वाळू द्यायची, तेवढं एकच काम आक्काला जमायचं नाही. ओल्या भिंतीवरच ती ब्रश ओढायची. थोड्या दिवसांत फुगे यायचे, पोपडे सुटायचे, रेघ पुन्हा वर यायची आणि मला पुन्हा फोन. मी वैतागायचो. जरा कळ काढ, उन्हाळा तरी लागू दे, म्हणायचो. ती स्टुलावरूनच सुनवायची, "आरं, संतोष फोनवर माझ्याकडं न्हाई, भिताडाकडं बघतोय. वाळंपतुर थांबली तर त्यो गाडी घिऊन दारात हुबा ऱ्हाईल. तिथं मी पावणी रं. हितं मालकीण हाय."

संतोषचा व्हिडिओ कॉल यायच्या वेळेला ती रंगवलेल्या तेवढ्या तुकड्यापुढं खुर्ची मांडून बसायची. एकदा पदर ओल्या रंगाला चिकटला, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत बाई हलली नाही. मी दाराआड उभा राहून हसत होतो.

परवा संतोष आणि मी तिच्या खोल्या आवरायला गेलो. भिंत पुन्हा फुगली होती. तो आत आला तसा मी सवयीनंच त्या पोपड्यांपुढं जाऊन उभा राहिलो.

"सरा मामा," तो म्हणाला. "मला म्हाईत हुतं. फोनवर तिच्या केसांत रंग दिसायचा."

मग बोलला का नाहीस, म्हणून मी विचारलं. त्यानं भिंतीवर हात ठेवला. थोडा रंग खाली गळाला.

"घर विकायचं मी कवाच मनातनं काढलं हुतं. पर तिचं खोटं धरलं असतं, तर तिला लय लागलं असतं."

मला त्याचा राग आला, तिचाही आला. घर विकायचं नाही, एवढंच कुणी तिच्या कानावर घातलं असतं, तर भिंत वाळेपर्यंत तरी आक्का बसली असती.