केनच्या काचघरातल्या बारा काड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय, आणि पुष्कळांना. दिवाळीच्या जेवणानंतर, चहा होताना, मुलीच्या मैत्रिणी आग्रह करतात, "आंटी, ती गांजाची गोष्ट सांगा ना!" मग मी सांगते. पुण्याची बी.एस्सी. बॉटनी झालेली, साडी नेसणारी बाई सिडनीत शेजाऱ्याला गांजाच्या काड्या लावून देते — हसू येणारच ना? शेवटी मी हात झटकते आणि म्हणते, "पण काय उपयोग, सगळ्या कुजल्या!" पुन्हा सगळे हसतात. गोष्ट संपते.

ती तिथे संपत नाही. तिथे मी ती थांबवते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पेंडल हिलच्या स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर आमचं घर. माझा नवरा मनोहर इंजिनियर होता, सरकारी नोकरीत. मी आठवड्यातले तीन दिवस एका नर्सरीत जायचे, रोपं तयार करायच्या शेडमध्ये. दिवसभर तेच काम — छाट घ्यायची, पानं काढायची, खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत बुडवायचं, मातीत खोचायचं. माझ्या हाताला गुण आहे असं तिथले सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. फार वाटायचं.

शेजारी केन आणि बेरिल राहायचे. केन रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, बेरिल त्याची बायको. त्यांची मुलगी लग्न होऊन क्वीन्सलंडला गेलेली. मला नलिनी म्हणणं केनला कधी जमलं नाही. तो मला 'नेल' म्हणायचा. आणि बेरिल — बेरिलबद्दल काय सांगू? माझी मुलगी झाली तेव्हा इथे माझं माहेरचं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी बेरिल मागच्या दारानं आत आली, लंगोटांची बादली उचलून घेऊन गेली, आणि संध्याकाळी तिनं ते धुऊन, वाळवून, घड्या घालून परत आणले. असं महिनाभर. मी कामावर जायला लागले तेव्हा मुलीला तीच सांभाळायची. "जेवलीस का?" असं मला त्या देशात पहिल्यांदा विचारणारी बाई ती.

ती आजारी पडली. पोटाचा कॅन्सर. औषध चढवलं की चार-चार दिवस तिच्या पोटात पाणी ठरायचं नाही. केन बाहेर पायरीवर बसलेला दिसायचा, हातात बशी, बशीत तसंच राहिलेलं उकडलेलं अंडं.

मग त्याची भाची उत्तरेकडून आली आणि आइसक्रीमच्या डब्यात गांजाचं एक रोप ठेवून गेली. केननं ते मागच्या काचघरात टोमॅटोंच्या आड वाढवलं. त्याचं नेमकं काय करून तो तिला द्यायचा ते मी विचारलं नाही. पण एका दुपारी बेरिल स्वयंपाकघरात बसून टोस्ट खाताना दिसली. अख्खा टोस्ट. वर मार्मलेड. तिनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

पण एक रोप किती दिवस पुरणार? केन कुंपणाशी आला. टोपी हातात घेऊन. "नेल, लव्ह, तुला काड्या लावता येतात. मला ते जमत नाही. गुलाबाची गोष्ट असती तर मीच केलं असतं." मग म्हणाला, "नाही म्हणालीस तरी चालेल. नो वरीज."

मी हो म्हटलं. बेरिलसाठी म्हटलं का? हो. पण खोटं कशाला बोलू — थोडं माझ्या हाताच्या गुणासाठीही म्हटलं.

बारा काड्या घेतल्या. केनचा बाजारच्या पावडरीवर विश्वास नव्हता. त्याची आई विलोच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या पाण्यात भिजवायची आणि त्या पाण्यात गुलाबाच्या काड्या ठेवायची. तेच करू म्हणाला. मध लावलेला चांगला, असंही त्याला कुणी सांगितलेलं. मी हसले. नर्सरीतून डबीभर पावडर आणली — न विचारता आणली, तेही सांगून टाकते. मग ठरलं: तीन मधाच्या, तीन विलोच्या पाण्याच्या, सहा माझ्या पावडरीच्या. प्रत्येक कुंडीत मी चिठ्ठी खोचली. दोन म्हातारी माणसं आणि मी, शाळेतल्या प्रयोगासारखं रोज जाऊन बघायचो. बेरिल शाल गुंडाळून काचघराच्या दारात खुर्चीवर बसायची. मधाच्या तिन्हीला बुरशी आली. विलोची एक लागली. "एक तरी लागली ना!" केन म्हणाला. माझ्या सहापैकी पाच. मी एक कुंडी उलटी करून बेरिलला मुळं दाखवली, पांढरी, बारीक. तिनं बोट लावलं नाही, नुसतं बघितलं. म्हणाली, "मिशा फुटल्या की यांना." आणि खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

सहा रोपं. तिचा हिवाळा निघाला असता.

मग तो पोलीस आला. केनकडे नाही — माझ्याकडे. मागच्या गल्लीत कुणाचं गवत कापायचं मशीन चोरीला गेलं होतं, आणि तो घरोघरी विचारत होता. तरुण होता, चांगला बोलला. जाताना आमच्या परसातून आजूबाजूला बघत म्हणाला, "छान बागा आहेत इथे." एवढंच. आणि गेला.

मी मागचं दार आतून लावून घेतलं. आम्ही नागरिकत्वाचे कागद नुकतेच भरून दिलेले. मनोहरची सरकारी नोकरी. कडेवर मुलगी. आणि त्या काचघरातल्या प्रत्येक कुंडीत माझ्या अक्षरातली चिठ्ठी. मनोहरला यातलं काही माहीत नव्हतं. त्यालाही कधी सांगितलं नाही, तो गेला तोवर; ती हसायची अर्धी गोष्टही मी त्यानंतरच सांगू लागले.

आता हे लिहिताना मी पुन्हा पुन्हा चहा करायला उठतेय.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल, साहजिक आहे. हो, भीती साहजिक होती. पण मी केनला तेवढंच सांगायला हवं होतं ना? "केन, मला भीती वाटते. माझ्या चिठ्ठ्या काढून टाक, आणि यापुढे मी काचघरात येणार नाही." तो काय म्हणाला असता? नो वरीज म्हणाला असता. चिठ्ठ्या जाळल्या असत्या आणि रोपं आपली आपण वाढवली असती. त्या माणसाला मी चांगली ओळखत होते. मग का नाही सांगितलं? कारण भेकड दिसायचं नव्हतं मला. बेरिलच्या डोळ्यांत मी जी होते, तीच राहायची होती. आणि शिवाय सुरक्षितही राहायचं होतं. दोन्ही हवं होतं.

पुढच्या आठवड्यात केन तिला दोन दिवस हॉस्पिटलात घेऊन गेला. किल्ली माझ्याकडेच होती, झाडांना पाणी घालायला. दुपारी मुलगी झोपल्यावर मी आमच्या गॅसवर किटली ठेवली. उकळू दिली. टॉवेलात धरून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि सहा कुंड्यांत उकळतं पाणी ओतलं. एकेक करून. घाई केली नाही. काचघरात शिजलेल्या भाजीसारखा वास आला. मग चिठ्ठ्या गोळा करून घरी आणल्या आणि गॅसवर जाळल्या.

केन परत आला तेव्हा रोपं काळी पडून मान टाकून होती. मी स्वतःहून त्याला बोलावलं. मुळं दाखवली — मऊ, तपकिरी, बोटाला चिकटणारी. "कूज आहे ही," मी म्हणाले. "मातीतून येते." मग भाचीनं दिलेल्या मोठ्या रोपाची पानं उलटसुलट करून पाहिली, नर्सरीत पाहते तशी, भुवया आक्रसून. म्हणाले, "यालाही लागलीय. जाळून टाक, केन. नाहीतर टोमॅटोही जातील."

ते रोप ठणठणीत होतं.

त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? माझ्या हाताला गुण होता ना. परसातल्या कचरा जाळायच्या पिंपात त्यानं ते स्वतःच्या हातानं घातलं. बेरिल खिडकीतून बघत होती. तिनं मला हात केला. मीही केला.

काही दिवसांनी तो पुन्हा कुंपणाशी आला. भाची दुसरं रोप देते म्हणते, लावू का? मी म्हणाले, वर्षभर तरी त्या काचघरात काही लावू नकोस, मातीत राहते ती. "वर्षभर," तो म्हणाला. बेरिलकडे वर्ष नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी तिच्यासाठी मुगाचं कढण करून न्यायचे, मऊ भात न्यायचे. ती एक चमचा घ्यायची, माझ्यासाठी म्हणून, आणि थोड्या वेळानं केन उलटीचं भांडं घेऊन आत पळायचा. मी दारात उभी. किती वेळा उभी राहिले असेन? हिवाळा सरून रस्त्यावरच्या जॅकरांडाचा निळा सडा पडायच्या सुमाराला ती गेली. शेवटी तिचं वजन माझ्या मुलीपेक्षा थोडंच जास्त असेल, असं उचलताना केनला वाटलं. तसं तो मला म्हणाला. ती वाचली नसती, हे खरं. पण जेवली असती. हिवाळाभर दुपारी बसून टोस्ट खाल्ला असता, वर मार्मलेड लावून. ते मी तिच्या तोंडातून काढून घेतलं.

पोलीस त्या गल्लीत पुन्हा कधी आला नाही. आमचे कागद झाले. नागरिकत्वाच्या समारंभाला केन कोट घालून आला आणि पहिल्या रांगेत बसून त्यानं टाळ्या वाजवल्या.

पाच-सहा वर्षांनी घर विकून तो मुलीकडे निघाला. सामान ट्रकमध्ये चढलं होतं. मी निरोप द्यायला गेले तर तो रिकाम्या काचघरात उभा. म्हणाला, "नेल, एक गोष्ट इतकी वर्षं मनात आहे. त्या काड्या माझ्यामुळे गेल्या. हॉस्पिटलला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना जास्तीचं पाणी घातलं होतं. कोरड्या पडतील असं वाटलं मला. तू एवढी मेहनत केलीस आणि मी घालवलं सगळं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. बेरिललाही सांगितलं नाही कधी." त्याचे डोळे भरले होते. "मला माफ कर, लव्ह."

मी तेव्हा सांगू शकले असते. ट्रकवाला बाहेर सिगरेट ओढत होता, काचघरात आम्ही दोघंच होतो, आणि मला कसलीच भीती उरलेली नव्हती.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे, केन," म्हणाले, "होतं असं कधी कधी." आणि मी त्याला माफ केलं.